निवृत्तांचे घर आणि त्यावरील कर

नोकरीची अखेरची वर्षे जवळ येऊ लागली की भविष्यनिर्वाह निधी किती साठला, उपदान किती मिळेल, निवृत्तिवेतनाच्या कोणत्या हिश्शाचे अंशराशीकरण करावे आणि या सर्वांवर आयकर किती बसेल, याचे हिशेब घराघरांतून सुरू होतात, आणि ते योग्यच आहे. परंतु राज्यशासन आणि महानगरपालिका, नगरपरिषद किंवा ग्रामपंचायत यांना द्याव्या लागणाऱ्या करांना त्या हिशेबांत क्वचितच स्थान मिळते. नोकरीच्या काळात ते पगारातून किंवा सोसायटीच्या मासिक देयकातून परस्पर जात असल्याने त्यांचा भार जाणवलेलाच नसतो, आणि पगार थांबल्यावर तो प्रथमच उघडा पडतो.

हा भार का जाणवतो, हे समजण्यासाठी करांची वाटणी ध्यानात घेतली पाहिजे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीने शेतीखेरीज इतर उत्पन्नावरील कर संघराज्याकडे सोपविला. जमिनी व इमारती, दस्तऐवजांवरील मुद्रांक, विजेचा वापर, वाहने आणि व्यवसाय यांवरील कर राज्यांकडे ठेवले, आणि त्यांतील काही राज्यांनी स्थानिक संस्थांच्या हाती दिले. आयकर हा उत्पन्नामागून चालणारा कर असल्याने उत्पन्न घटले की तोही घटतो, कित्येकांच्या बाबतीत नाहीसाही होतो. घराच्या भिंतींवर बसणारा कर मात्र त्या भिंतींच्या आत राहणाऱ्याचा पगार चालू आहे की थांबला आहे, याची चौकशी करीत नाही. म्हणूनच निवृत्ताने आयकराइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, लक्ष आपल्या घराच्या नोंदींकडे दिले पाहिजे, असे माझे निश्चित मत आहे. कारण उत्पन्न वाढविणे त्या वयात हाती नसले तरी क्षेत्रफळ, वापर आणि मालकाचे नाव या नोंदी बिनचूक राखणे हाती असते, आणि कराची रक्कम पुष्कळ अंशी त्या नोंदींवरच ठरते.

उत्पन्नाशी निगडित असा एकच राज्य-कर बहुसंख्य नोकरदारांना परिचित आहे, तो म्हणजे व्यवसाय कर. महाराष्ट्राने तो १९७५ च्या अधिनियमाने बसविला, आणि दुष्काळाच्या काळात उभ्या राहिलेल्या रोजगार हमी योजनेला निधी मिळावा हा त्यामागचा हेतू होता. घटनेच्या २७६ व्या अनुच्छेदाने त्याची कमाल मर्यादा वर्षाला २,५०० रुपये ठरवून दिली आहे, आणि दरमहा २०० रुपये व फेब्रुवारीत ३०० रुपये ही जी कपात पगारपत्रकात दिसे, तिची बेरीज याच मर्यादेला येऊन भिडते. निवृत्तिवेतन हा पगार नव्हे, त्यामुळे केवळ निवृत्तिवेतनावर वा कुटुंबनिवृत्तिवेतनावर राहणाऱ्यास हा कर लागू होत नाही. मात्र राज्यसेवेतून अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होऊन जे सल्लागार, वकील, लेखापाल किंवा विमा प्रतिनिधी म्हणून काम सुरू करतात, त्यांना स्वतःच्या नावाने नोंदणी करून हा कर दरवर्षी ३० जूनपूर्वी भरावा लागतो. आणि जे पुन्हा पगारी नोकरी धरतात, त्यांच्या वेतनातून मालक तो कापतो. वयाची ६५ वर्षे पूर्ण झाली की या करातून मुक्ती मिळते, हे पुष्कळांना ठाऊक नसते, आणि सत्तरीच्या गृहस्थांच्या मानधनातून ही कपात चालू राहिल्याचे आढळते. तेव्हा त्यांनी जन्मतारखेचा दाखला जोडून लेखी अर्ज करावा. पगारी स्त्रियांना मासिक २५,००० रुपयांपर्यंतच्या वेतनावर हा कर एप्रिल २०२३ पासून माफ आहे, हेही येथेच सांगून ठेवतो.

आता मुख्य विषयाकडे, म्हणजे घरपट्टीकडे वळतो. मुंबईत तिला मालमत्ता कर म्हणतात, पुण्यात मिळकतकर. शहरांच्या उत्पन्नाचा मोठा आधार एके काळी जकात हा होता. मुंबईखेरीज इतर महानगरपालिकांत तिची जागा घेणारा स्थानिक संस्था कर ऑगस्ट २०१५ मध्ये बहुतांश व्यापाऱ्यांपुरता उठला, आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला तेव्हा मुंबईची जकातही गेली. त्या बदल्यात राज्यशासन महानगरपालिकांना भरपाई देते. परंतु स्वतःच्या अधिकारात वसूल करता येण्याजोगे मोठे साधन म्हणून महापालिकांच्या हाती आता प्रामुख्याने मालमत्ता करच उरला आहे. थकबाकीचा तगादा, मिळकतींचे सर्वेक्षण, वापर बदलल्याच्या नोटिसा हे सर्व पूर्वीपेक्षा अधिक कसोशीने का होते, याचे कारण येथे आहे. नाक्यावर वसूल होणारी जकात मालाच्या किमतीत मिसळून सर्वांवर पसरत असे; मालमत्ता कर मात्र एका नावाने, एका पत्त्यावर येतो.

बहुतेक महानगरपालिकांत आणि नगरपरिषदांत हा कर ठरविण्याची रीत अशी आहे की, ते घर भाड्याने दिले असता वर्षाला किती भाडे वाजवीपणे मिळेल याचा अंदाज केला जातो, त्यातून दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा होतात, आणि उरलेल्या रकमेस करयोग्य मूल्य म्हणून तिच्यावर निरनिराळ्या करांचे दर लावले जातात. वार्षिक भाडे ४०,००० रुपये धरले गेले असेल, तर करयोग्य मूल्य ३६,००० रुपये होते. त्यावर सर्वसाधारण कर, पाणीपट्टी किंवा पाणीलाभ कर, मलनिस्सारणाचा कर, अग्निशमन कर, वृक्ष कर असे घटक येतात, आणि त्यांच्याच शेजारी राज्यशासनाचा शिक्षण कर असतो, जो महापालिका केवळ वसूल करून शासनाकडे जमा करते. बिगरनिवासी जागेवर यात रोजगार हमी कराची भर पडते आणि दरही चढे असतात. म्हणून देयकाची एकूण रक्कम पाहून ते बाजूला ठेवू नये. वापराच्या रकान्यात निवासी लिहिले आहे की बिगरनिवासी, क्षेत्रफळ किती धरले आहे आणि मागील बाकी कोणत्या वर्षाची दाखविली आहे, या तीन गोष्टी प्रत्येक वर्षी वाचाव्यात. घराच्या पुढच्या खोलीत कधी काळी शिकवणीचे वर्ग चालत असत, ते बंद होऊन दहा वर्षे लोटली, तरी नोंद तशीच राहून चढा कर भरला जात आहे, असे प्रकार विरळ नाहीत. वापर बदलला हे कळविण्याचे काम मालकाचे आहे. महापालिका आपण होऊन ती नोंद सहसा खाली आणीत नाही.

मुंबईची पद्धती निराळी आहे. तेथे १ एप्रिल २०१० पासून भांडवली मूल्यावर कर बसतो, म्हणजे शीघ्रसिद्ध गणकातील (रेडी रेकनरमधील) दराशी तो जोडला गेला आहे; याचा अर्थ असा की, गल्लीच्या टोकाशी उंच इमारती उभ्या राहून जमिनीचा भाव चढला, तर चाळीस वर्षांपूर्वी घेतलेल्या घरात राहणाऱ्या वृद्ध दांपत्याच्या कराचा पायाही चढतो, जरी त्या भाववाढीतला एक रुपयाही त्यांच्या हाती आलेला नसतो. या पद्धतीचा हा दोष मला गंभीर वाटतो. भांडवली मूल्याच्या नियमांतील काही नियम मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केले, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला, यावरूनही या मूल्यनिर्धारणात वादाला किती जागा होती ते दिसते. मात्र लहान घरांना तेथे मोठा दिलासा मिळाला आहे: ५०० चौरस फुटांपर्यंतच्या, म्हणजे ४६.४५ चौरस मीटरपर्यंतच्या चटई क्षेत्रफळाच्या निवासी सदनिकांना १ जानेवारी २०२२ पासून मालमत्ता कर पूर्णपणे माफ आहे. त्यापूर्वी २०१९ मध्ये त्यातील केवळ सर्वसाधारण कर माफ झाला होता. मर्यादा ओलांडली की सवलत संपते, त्यामुळे काठावरच्या सदनिकांनी आपले क्षेत्रफळ दप्तरात नेमके किती नोंदले आहे, हे तपासलेच पाहिजे. शिवाय मुंबईत पुष्कळदा देयक संपूर्ण सोसायटीच्या नावे येते आणि सोसायटी ते सभासदांत वाटते. ज्या सभासदाच्या सदनिकेस माफी आहे त्याच्याकडून मासिक देयकात मालमत्ता कराची रक्कम घेतली जात असेल, तर सचिवांकडे महापालिकेच्या देयकाची नक्कल मागण्यात संकोच बाळगू नये.

पुण्यात निर्णायक ठरते ती गोष्ट म्हणजे मालक स्वतः घरात राहतो की नाही. स्वतः राहणाऱ्या मालकास करपात्र रकमेत चाळीस टक्के सवलत देण्याची प्रथा तेथे १९७० पासून होती. लेखापरीक्षणातील आक्षेपानंतर शासनाने ती थांबविली, १ एप्रिल २०१९ नंतर नोंद झालेल्या मिळकतींना ती मिळेनाशी झाली, आणि २०२३ मध्ये मंत्रिमंडळाच्या निर्णयाने ती पुन्हा लागू झाली. वरच्या उदाहरणातील ३६,००० रुपयांचे करयोग्य मूल्य या सवलतीने २१,६०० रुपयांवर येते. निश्चित उत्पन्नावर राहणाऱ्याला हा फरक दरवर्षी जाणवण्याइतका मोठा आहे. परंतु ज्यांची सवलत बंद झाली होती, त्यांना ती अर्जावाचून मिळत नाही: पीटी-३ हा अर्ज भरून, आपण तेथे राहतो हे दर्शविणारे सोसायटीचे पत्र, मतदार ओळखपत्र, पारपत्र, शिधापत्रिका यांसारखे पुरावे जोडावे लागतात. घर भाड्याने दिले की सवलतीचा हक्क संपतो. मुलाकडे परदेशी दीर्घकाळ राहण्यास जाणाऱ्यांनी सदनिका भाड्याने देण्यापूर्वी भाड्याच्या रकमेतून वाढीव मिळकतकर वजा घालूनच हिशेब करावा; इतकेच की, भाड्याने दिलेल्या घरावर त्या वर्षी प्रत्यक्ष भरलेला मिळकतकर आयकरासाठी भाड्याच्या उत्पन्नातून वजा मिळतो, म्हणून पावती जपून ठेवावी आणि कर मार्चअखेरीपूर्वी भरावा.

कर मुदतीत भरल्याने होणारा लाभही लहान नाही. वर्षाच्या आरंभी एकरकमी भरणा करणाऱ्यास बहुतेक महापालिका काही टक्के सूट देतात, तर थकलेल्या रकमेवर दरमहा दोन टक्के शास्ती चढते. दरसाल चोवीस टक्के व्याजाचे कर्ज कोणताही विवेकी गृहस्थ काढणार नाही, परंतु थकबाकी ठेवणारा मनुष्य तेच करीत असतो. निवृत्ताने आपल्या मुदतठेवींपैकी एक मार्च-एप्रिलच्या सुमारास मोकळी होईल अशी योजना करून ती मिळकतकरासाठी राखावी, हा माझा स्पष्ट सल्ला आहे. माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा यांना राज्यशासनाने २०२० मध्ये मालमत्ता करातून माफीची योजना लागू केली, आणि तिचा लाभही जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या दाखल्यासह अर्ज केल्यावरच मिळतो. सर्व ज्येष्ठ नागरिकांना केवळ वयामुळे घरपट्टीत सरसकट माफी आहे, असा समज मात्र बाळगू नये.

आकारणी वाढविल्याची नोटीस आली आणि ती अन्यायाची वाटली, तर आधी कर भरून मग तक्रार करू, असे म्हणून ती बाजूला ठेवण्याची चूक करू नये. नोटिशीत दिलेल्या मुदतीत लेखी हरकत नोंदवावी, तिची पोच घ्यावी, आणि सुनावणीस मोजमापाचा नकाशा व खरेदीखत घेऊन स्वतः उपस्थित राहावे; ती मुदत टळली की पुढचे दरवाजे अरुंद होतात. १९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाखालील महानगरपालिकांत सुनावणीनंतरही समाधान न झाल्यास कलम ४०६ अन्वये न्यायाधीशांकडे अपील करता येते, परंतु त्याची मुदत पंधरा दिवसांची आहे आणि वादातील रक्कम आधी जमा करावी लागते. माझ्या मते सामान्य माणसासाठी खरी संधी हरकतीच्या टप्प्यावरच असते, कारण तेथे वकिलाची गरज नसते आणि अधिकाऱ्यासमोर मोजपट्टीचा पुरावा ठेवता येतो.

कित्येक जण निवृत्तीनंतर मोठे घर विकून लहान घर घेतात, किंवा मुंबई सोडून पुणे, नाशिक वा कोकणात स्थायिक होतात; अशा वेळी मुद्रांक शुल्क हा आयुष्यातला सर्वांत मोठा राज्य-कर ठरण्याचा संभव असतो. खरेदीवर मूळ शुल्काखेरीज स्थानिक संस्थेचा अधिभार आणि मेट्रो असलेल्या शहरांत आणखी एक टक्का धरून मुंबईत सहा व पुण्यात सात टक्के होतात, आणि त्यावर नोंदणी फी एक टक्का, परंतु कमाल ३०,००० रुपये. पुण्यात ८० लाखांची सदनिका घेणाऱ्यास मुद्रांक ५,६०,००० आणि नोंदणी ३०,००० मिळून ५,९०,००० रुपये लागतात. हीच निवासी सदनिका पत्नीच्या एकटीच्या नावे घेतली, तर स्त्री-खरेदीदाराला एप्रिल २०२१ पासून मिळणाऱ्या एक टक्का सवलतीमुळे ८०,००० रुपये वाचतात. पतिपत्नीच्या संयुक्त नावावर ही सवलत मिळत नाही. पूर्वी अशी सदनिका पंधरा वर्षे पुरुषास विकता येत नसे, ती अट २०२३ मध्ये निघाली. पत्नीच्या नावे घर असण्यात मला करापलीकडचाही लाभ दिसतो, कारण उतारवयात एकटे राहण्याची वेळ बहुधा तिच्यावर येते.

घर विकणाऱ्यानेही एक गोष्ट विसरू नये. हस्तांतरानंतर तीन महिन्यांच्या आत महापालिकेस तसे कळवावयाचे असते, नाही तर जुन्या मालकाच्या नावे देयके येत राहतात आणि दायित्वाचा वाद उभा राहतो. विकत घेणाऱ्याने थकबाकी नसल्याचा दाखला पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नये, कारण मालमत्ता कराची बाकी हा त्या मिळकतीवरचा पहिला बोजा असतो आणि तो मालकाबरोबर जात नाही, घराबरोबर राहतो. पिंपरी-चिंचवड किंवा अन्य वाढत्या शहरांत स्वस्तात मिळणारे बंगले पाहताना बांधकाम परवानगीचा कागद मागावा. अनधिकृत बांधकामावर मालमत्ता कराच्या दुप्पट शास्ती बसविण्याची तरतूद कायद्यात आहे.

मुलांच्या नावे घर करून देण्याचा प्रश्न यापुढे येतो, आणि त्याविषयी मला थोडे आग्रहाने लिहावेसे वाटते. पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातवंडे आणि मृत मुलाची पत्नी यांना राहते घर किंवा शेतजमीन बक्षीसपत्राने देताना मूळ मुद्रांक शुल्क केवळ २०० रुपये आहे. भाऊ किंवा पुतण्या यांना ही सवलत नाही, आणि शहरात टक्केवारीने लागणारे अधिभार यात धरलेले नाहीत. शुल्क इतके अल्प असल्याने पुष्कळ वृद्ध हयातीतच घर देऊन टाकतात, आणि मृत्यूनंतर मुलांना मोठा वारसाकर भरावा लागेल ही भीतीही त्यामागे असते. ही भीती निराधार आहे. भारतातील संपदा शुल्क १९८५ मध्ये रद्द झाले, त्यानंतर वारशावर तसा कर नाही. मृत्युपत्रावर मुद्रांक लागत नाही आणि त्याची नोंदणीही ऐच्छिक आहे. कराच्या कारणासाठी आपले छप्पर हयातीत दुसऱ्याच्या नावे करू नये. अन्य कारणाने बक्षीसपत्र करावयाचेच असेल, तर देणाऱ्याचा त्या घरात आमरण राहण्याचा हक्क आणि घेणाऱ्यावरील पालनपोषणाची जबाबदारी दस्तात स्पष्ट लिहून घ्यावी, म्हणजे २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ चा आधार घेऊन न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते.

गावी परतणाऱ्यांसाठी ग्रामपंचायतीची घरपट्टी शहराच्या मानाने हलकी असते, आणि डिसेंबर २०१५ च्या नियमबदलापासून तीही भांडवली मूल्यावर आकारली जाते. घराचे बांधकाम मातीचे, विटांचे की सिमेंट-काँक्रीटचे, यानुसार ती ठरत असल्याने जुन्या कौलारू घराच्या जागी नवे बांधल्यास नोंद नमुना ८ मध्ये दुरुस्त करून घ्यावी. नमुना ८ चा उतारा हा आकारणीचा कागद आहे, मालकीचा नव्हे. भाऊबंदांतील वाद याच गैरसमजातून वाढतात. विजेच्या देयकात निवासी ग्राहकास सोळा टक्के वीज शुल्क लागते, ते गावात आणि शहरात सारखेच आहे, आणि त्यातून वयाची सवलत नाही.

राहिली मालकाच्या नावाची गोष्ट. पती वारल्यावर सोसायटीचे भागपत्र पत्नीच्या नावे होते, निवृत्तिवेतनाची कागदपत्रे होतात, परंतु महापालिकेच्या कर-दप्तरात, वीज कंपनीच्या खात्यात आणि शेतजमीन असल्यास सातबाऱ्यावर दिवंगताचे नाव वर्षानुवर्षे तसेच राहते, आणि पुढे सवलतीचा अर्ज, हरकत किंवा विक्री यांपैकी काहीही करावयाचे म्हटले की अडचण उभी राहते. कर-दप्तरातील नावाने मालकी सिद्ध होत नाही हे खरे, तरी अर्ज करण्याचा अधिकार त्या नावावरून पाहिला जातो. म्हणून मृत्यूच्या दाखल्याच्या जादा प्रती त्याच वेळी काढून, वारसदारांची संमती लेखी घेऊन, या तिन्ही नोंदी बदलण्याचे अर्ज एकदमच द्यावेत. ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे (पूर्वीच्या तलाठ्याकडे) वारस नोंदीचा अर्ज दिल्यावर फेरफाराचा क्रमांक लिहून घ्यावा, आणि महापालिकेचे पुढील वर्षीचे देयक नव्या नावाने आले की नाही हे पाहून, न आल्यास पहिल्या अर्जाची पोच दाखवून विभागीय कर कार्यालयात पुन्हा जावे.